दूधभात

रायपूर शहराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. 'पारा' हा छत्तीसगढी शब्द. त्याचा अर्थ आळी, मोहल्ला. त्याच्या आधी येणारे 'तात्या' मात्र निखालस मराठी. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ मध्ये रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत छत्तीसगढचा कारभार त्यांनी पाहिला. त्या काळात आणि त्यानंतर, कधी राज्यकर्त्यांच्या मागोमाग तर कधी इंग्रजी अमलातील नोकऱ्यांच्या निमित्ताने, मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली आणि इथलीच झाली. १९३५ मध्ये त्यांनी रायपुरात महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. पिढ्या उलटल्या तशी घरातील मराठी हिंदीच्या वळणावर गेली, मुले 'मला भूक लागून राहिली आहे' असे बोलू लागली. पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत पाऊल टाकले की वरणभात, मेतकूट, ताकाची कढी आणि रात्रीच्या जेवणाच्या शेवटचा दूधभात जसाच्या तसा होता. माणसाची भाषा बदलते, पोशाख बदलतो. ताट बदलायला मात्र फार वेळ लागतो.

अशाच एका घरात एक निवृत्त शिक्षिका राहत असत. संस्कृत आणि हिंदी हे त्यांचे विषय. सारी आळी त्यांना 'बाई' म्हणे. यजमान २०१४ मध्ये गेले, मुलगा पुण्यात स्थिरावला, आणि चौसोपी वाड्याच्या उरलेल्या दोन खोल्यांत बाई आणि मनी नावाची मांजर एवढ्याच राहिल्या. मनी २००७ च्या पावसाळ्यात अंगणातील लाकडांच्या ढिगाखाली सापडली होती. डोळे नुकते उघडलेले, आई कुठे गेली याचा पत्ता नाही. यजमानांनी कापसाच्या बोळ्याने तिला दूध पाजून वाढवले. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. तेव्हा मनीनेही शाकाहारी व्हावे, हा निर्णय कोणी घेतला असे नव्हे; तो गृहीतच होता. सकाळी बशीभर दूध, त्यात चिमूटभर साखर, दुपारी तूपभात, रात्री दुबराज तांदळाचा मऊ दूधभात. मराठी घरातील मांजराचे जे चित्र म्हणींनी, बडबडगीतांनी आणि पाठ्यपुस्तकांनी रेखाटले आहे, ते मनीने जणू पाठ केले होते. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटते ते बोक्याचे फावण्यासाठी. आपल्या साऱ्या वाक्प्रचारांतील मांजर दुधाभोवतीच फिरते. उंदराचा उल्लेख येतो तोही पराक्रम म्हणून, आहार म्हणून नव्हे.

२०१८ च्या फेब्रुवारीपासून मनीला उलट्या होऊ लागल्या. प्रथम आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. कधी त्यात केसांची वळकटी असे, कधी नुसता पिवळसर फेस, कधी तासाभरापूर्वी खाल्लेला भात जसाच्या तसा. शौच पातळ होई. एरवी इतकी टापटिपीची ही मांजर आता अंगणाच्या कोपऱ्यापर्यंतही पोचत नसे. बाईंनी घरगुती उपाय आरंभले. दुधात पाणी वाढवले, मग ताक दिले, मग भातात ओव्याचे पाणी. शेजारच्या एका गृहस्थांनी तापाची आपलीच पांढरी गोळी पाव करून देण्याचा सल्ला दिला. ती गोळी बाईंनी कागदात बांधून फडताळात ठेवली आणि सुदैवाने दिली नाही. का दिली नाही, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. औषधाच्या बाबतीत त्या जात्याच भित्र्या होत्या, एवढेच.

उलट्यांइतकीच दुसरी एक गोष्ट बाईंना अस्वस्थ करीत होती, पण ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. मनीने अंग चाटणे सोडले होते. संस्कृत शिकवणाऱ्या बाईंना 'मार्जार' या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक होती. 'मृज्' म्हणजे घासणे, पुसणे, स्वच्छ करणे. मार्जन, संमार्जनी हे शब्द त्याच धातूचे. स्वतःला सतत घासूनपुसून स्वच्छ ठेवते ते मार्जार. वर्गात हा शब्द त्या मोठ्या आवडीने फोडून दाखवीत आणि मुलींना हसू येई. आता ते नावच खोटे ठरत होते. पाठीवरचे केस राठ होऊन त्यांचे पुंजके झाले होते. मनी खायला बशीपाशी येई, तोंड खाली नेई आणि काहीतरी टोचल्यासारखी मागे सरे. आणि ती मांडीवर येऊन बसली, तोंड वर करून पाहू लागली, की एक दुर्गंधी येई.

मुखदुर्गंधी ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. ज्याची आहे त्याला ती जाणवत नाही, आणि ज्याला जाणवते तो ती बोलून दाखवीत नाही. रोगाची इतर लक्षणे सहानुभूती मिळवतात. खोकल्याची चौकशी होते, लंगडणाऱ्याला हात दिला जातो. तोंडाच्या दुर्गंधीला मात्र मिळतो तो केवळ एक सूक्ष्म दुरावा. समोरचा माणूस अर्धे पाऊल मागे सरतो, बोलताना मान किंचित वळवतो, आणि हे त्याचे त्यालाही कळत नाही. शिष्टाचार म्हणून जे मौन पाळले जाते ते वस्तुतः एक नाकारणे असते. बाईंनी हे एकदा अनुभवले होते, आणि नाकारले जाण्याच्या बाजूने नव्हे. यजमानांची मूत्रपिंडे निकामी होत गेली तेव्हा अखेरच्या वर्षात त्यांच्या श्वासाला एक वास येऊ लागला होता, अमोनियासारखा, उग्र. ते हळू बोलत, म्हणून कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. बाई कान नेत. पण तोंड फिरवून नेत. शेवटच्या महिन्यात एके संध्याकाळी ते काही सांगू लागले आणि मध्येच थांबून म्हणाले, "राहू दे, नंतर सांगतो." ते नंतर कधी आलेच नाही. त्यांनी काय सांगायचे राखून ठेवले, यापेक्षा ते का थांबले असतील, हा प्रश्न बाईंच्या मनात चार वर्षे घर करून होता.

मनीच्या तोंडाचा वास त्यांनी ओळखला तो असा. मे महिना संपत आला होता. ज्या नऊ दिवसांना छत्तीसगढात 'नवतपा' म्हणतात, ते सूर्य रोहिणीत असतानाचे कराल दिवस सुरू झाले होते. दुपारी बारानंतर तात्यापाऱ्यात चिटपाखरू दिसत नसे. बाईंनी भाजीच्या टोपलीत जुने लुगडे अंथरले, त्यात मनीला ठेवले, वर ओला पंचा टाकला आणि सकाळी आठालाच रिक्षा बोलावून त्या पशुवैद्याकडे निघाल्या.

पशुवैद्य तरुण होता. दुर्गजवळच्या अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. त्याने आधी मनीचे वजन केले. ते तीन किलो शंभर ग्रॅम भरले. मग ओठ उचलून दात पाहिले. मांजराला तीस दात असतात, त्यांतले चार हलत होते. मागच्या दाढांवर तपकिरी कीटण चढले होते आणि त्याच्या कडेला हिरडी लालभडक होऊन सुजली होती. त्याने जवळ जाऊन वास घेतला. निःसंकोचपणे, एखाद्या अत्तराच्या पारखी माणसाने घ्यावा तसा. बाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या.

"माताजी, इथे दोन वास आहेत," तो म्हणाला. "एक सडल्याचा. तो हिरड्यांचा आणि दातांचा. बहुतेक मांजरांच्या तोंडाला वास येतो तो यामुळेच. लोक समजतात तसा पोटामुळे नव्हे. दुसरा त्याच्या खाली आहे, अमोनियासारखा. तो मूत्रपिंडाचा असू शकतो. गोडसर वास आला असता तर मधुमेहाची शंका घेतली असती. रक्त आणि लघवी तपासू."

मग त्याने विचारले, "ही खाते काय?"

"दूधभात," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षे."

"आणखी?"

"तूपभात. कधी दही. आमच्या घरात दुसरे काही येत नाही."

पशुवैद्याने लेखणी खाली ठेवली. "मग हिचे डोळे गेलेले असायला हवे होते," तो म्हणाला. "अकरा वर्षे निव्वळ दूधभातावर मांजर अशी राहत नाही. कोणीतरी हिला खाऊ घालत असले पाहिजे."

त्याने जे समजावून सांगितले ते असे. मांजर हा परिपूर्ण मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या सहवासात भाकरीवर जगायला बऱ्याच अंशी शिकला. मांजर शिकले नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य शरीराला लागते. ते मांसात आणि मासळीत असते, धान्यात नसते. इतर बहुतेक प्राणी ते आपल्या शरीरात पुरेसे बनवून घेतात. मांजराला तसे करता येत नाही. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तातून ते प्रथम वेगळे केले, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. पण मांजराच्या बाबतीत त्याचे महत्त्व कळायला पुढे सुमारे दीडशे वर्षे जावी लागली. त्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये दाखवून दिले गेले. हृदयाचे स्नायू शिथिल होऊन हृदय फुगते, हे १९८७ मध्ये. गाजरातील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करणे माणसाला जमते, मांजराला नाही. तेही तिला प्राण्याच्या शरीरातून आयतेच हवे.

आणि दूध? पिल्लू आईचे दूध पिते तेव्हा दुधातील साखर पचवणारे विकर त्याच्या आतड्यात असते; अंगावरून सुटल्यावर ते ओसरत जाते. मग बशीभर दूध मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. पोटात वायू धरतो, शौच पातळ होते. दुधात घातलेली ती चिमूटभर साखर तर संपूर्ण व्यर्थच होती. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखण्यासाठी लागणारे जनुक तिच्यात निकामी झालेले आहे. हा शोध २००५ चा. अकरा वर्षे ज्या गोडीने बशी पुढे सरकवली गेली, ती गोडी केवळ देणाऱ्याच्या बाजूला होती.

"पण तिला सवय होती," बाई म्हणाल्या. चरकसंहितेतील 'ओकसात्म्य' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. जे सतत सेवनाने अंगवळणी पडून हितकर ठरते ते ओकसात्म्य. विषसुद्धा हळूहळू सात्म्य होते, मग दूधभात का नाही?

"सवय तोंडाला होते, माताजी," पशुवैद्य म्हणाला. "आतड्याला होईलच असे नाही."

दोन दिवसांनी तपासणीचे निष्कर्ष आले. मूत्रपिंडांचा विकार होता, जुना. मांजराच्या मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती गेल्यावरच रक्तातील क्रिएटिनिन ठळकपणे वाढते, तोवर ती काहीही दाखवत नाही. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातील रानमांजर. थोड्या पाण्यात भागवून लघवी अतिशय दाट करायची ही त्या वंशाची शिदोरी. म्हणून मांजर मुळातच कमी पाणी पिते, आणि म्हातारपणी हीच काटकसर तिला महाग पडते. "हा आजार दूधभाताने झाला असे मी म्हणणार नाही," पशुवैद्य म्हणाला. "म्हाताऱ्या मांजरांत तो सर्रास आढळतो. बरा होणार नाही. सांभाळता येईल." त्याने ती पांढरी गोळीही विचारली. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एका गोळीने मांजर दगावू शकते. बाईंनी घरी आल्यावर फडताळातील पुडी काढून मोरीत टाकली, आणि नंतर बराच वेळ त्या हात धूत होत्या.

राहिला तो प्रश्न: कोणीतरी हिला खाऊ घालत होते. ते कोण, हे बाईंना रिक्षातच उमगले होते. घरकामाला येणारी बाई तलावाकडच्या वस्तीतली. वीस वर्षे या घरात वावरलेली. बाईंना ती 'दाई' म्हणे, आई या अर्थाने. मुलीच्या बाळंतपणासाठी ती जानेवारीत गावी गेली होती आणि मे संपता संपता परतली. बाईंनी तिला समोर बसवून विचारले. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सांगितले की ती रोज पहाटे भांड्यांना येताना पदराखाली मासळीची डोकी आणत असे, कधी रोहूचे, कधी बारीक मोंगरीचे. मागच्या दाराच्या पायरीवर मनीला चारून, पायरी धुऊन, मग ती आत येत असे. अकरा वर्षे. बिलई भातावर जगत नाही, हे तिला कोणत्या संशोधनाने सांगितले नव्हते. तिच्या लेखी ते सांगण्यासारखे नव्हतेच. "दाई, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा धर्म मोडला."

बाईंना राग आला, पण तो मासळीचा नव्हता. अकरा वर्षे आपल्या घराच्या मागच्या पायरीवर काय घडते हे आपल्याला ठाऊक नसावे, आणि जे ठाऊक नव्हते त्यावरच आपल्या मांजराचे डोळे टिकून राहिले असावेत, याचा तो राग होता. मनी दूधभात खाऊन सुखी आहे हे त्यांनी किती जणांना कौतुकाने सांगितले होते. "आमची मनी पक्की ब्राह्मण," असे यजमान म्हणत आणि आलेले पाहुणे हसत.

त्या रात्री त्यांना हितोपदेश आठवला, आयुष्यभर शिकवलेला. भागीरथीच्या तीरी एका झाडाच्या ढोलीत जरद्गव नावाचे आंधळे गिधाड राहते, आणि तिथे दीर्घकर्ण नावाचा मांजर येऊन सांगतो की आपण मांस सोडले आहे, नित्य स्नान करतो, चांद्रायण व्रत आचरतो. गिधाड विश्वास ठेवते आणि प्राणाला मुकते. महाभारताच्या उद्योगपर्वात असाच एक तपस्वी मांजर आहे. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील शिलापटावर एका पायावर उभे राहून, पुढचे पाय वर करून तप करणारे मांजर कोरले आहे आणि त्याच्या भोवती उंदीर आहेत. धर्मशास्त्राने दांभिक माणसाला 'बैडालव्रतिक' असा शब्दच योजला. इतक्या शतकांच्या साहित्याने एकच गोष्ट पुन:पुन्हा बजावली: व्रतस्थ मांजर हे ढोंग आहे. बाईंनी या कथा शिकवताना मांजराला दोष दिला होता. त्या रात्री त्यांना प्रथमच असे वाटले की कथेत व्रताची भाषा मांजर स्वतः बोलते, म्हणून ते दांभिक ठरते. त्यांच्या घरात मात्र मनी काहीच बोलली नव्हती. व्रत तिच्यावर लादले गेले होते, प्रेमाने आणि तुपासकट. तिने आपला स्वभाव मागच्या पायरीवर जगून घेतला, एवढेच.

याच शहरात अखेरचे दिवस घालवलेल्या माधवराव सप्र्यांनी मराठी घरात जन्मून आयुष्य हिंदीला वाहिले. राजनांदगावात मुक्तिबोधांनी तेच केले. दुसऱ्याच्या प्रकृतीशी एकरूप होण्याची अशी उदाहरणे या मातीत आहेत, पण ती ज्याने त्याने स्वतः निवडलेली. माणूस असे करू शकतो. त्याने ते आपल्या आश्रित जिवाकडून अपेक्षू नये, ही मर्यादा ओळखायला मात्र बाईंना सत्तरी गाठावी लागली.

निर्णय झाला, पण तो अमलात आणणे सोपे नव्हते. अंगणात तुळशीपासून दूर, पूर्वीच्या बंबाच्या जागी एक लहान शेगडी आली. तिच्यासाठी वेगळे पातेले, वेगळा चमचा, वेगळे फडके. पहिल्या दिवशी कामवालीने कोंबडीचे तुकडे शिजवले आणि बाई आतल्या खोलीत दार लावून बसल्या. दहाव्या दिवशी कामवाली आली नाही, तेव्हा बाईंनी ते स्वतः शिजवले. नाकाला पदर लावला होता. मीठ नाही, तेल नाही. कांदा आणि लसूण तर मुळीच नाही, कारण त्यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. नुसते उकडलेले मांसही पुरेसे नव्हते. त्यात कॅल्शियम नाही, आणि स्फुरद मूत्रपिंडांना जड. म्हणून पशुवैद्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी तयार मिळणारे ओले अन्न आणायला सांगितले होते. ते एकदम द्यायचे नव्हते. पहिल्या दिवशी चमचाभर, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू जुन्याच्या जागी नवे. मनी रुसली तर तिला उपाशी ठेवून वळण लावायचे नाही, ही त्याची सक्त ताकीद होती. माणसाला लंघन मानवते. मांजर काही दिवस अन्नाविना राहिले तर अंगातील चरबी यकृतात साठून तेच निकामी होऊ शकते. "चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही तर फोन करा," तो म्हणाला होता. एकादशी करणाऱ्या घरात हे वाक्य बाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवले.

दातांचा प्रश्न अधिक बिकट होता. हलणारे दात काढायचे आणि कीटण खरवडायचे तर पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि अशा मूत्रपिंडांना भूल धोक्याची. न काढावे तर वेदना, उपासमार आणि हिरड्यांतील जंतुसंसर्ग. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, एवढ्याशा मांजरापायी किती करशील? बारा वर्षांची होत आली ती." बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या वेळीही कोणी असेच म्हणाले होते." फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पंधरा दिवस मनीच्या कातडीखाली सलाइन देऊन तिला सावरल्यावर, जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यानंतर शस्त्रक्रिया झाली. चार दात आणि एक दाढ काढली गेली. संध्याकाळी मनी शुद्धीवर आली ती झोकांड्या खात, आणि तिसऱ्या दिवशी तिने पुढचा पंजा उचलून चाटला. बाई जवळच जपाला बसल्या होत्या. माळ हातात तशीच राहिली आणि त्या नुसत्या पाहत राहिल्या.

त्यानंतरचे आयुष्य म्हणजे एक दिनचर्या झाली. रोज रात्री बोटाला मऊ मलमलीचे फडके गुंडाळून, मांजरांसाठीच मिळणारी पेस्ट लावून, उरलेले दात पुसायचे; माणसांची पेस्ट वापरायची नाही, कारण मांजर थुंकत नाही, गिळते. घरात पाण्याच्या तीन वाट्या, अन्नापासून दूर. दिवसाआड केस विंचरायचे, म्हणजे ते जिभेवाटे पोटात जाऊन वळकट्या होणार नाहीत. कुंडीत गव्हाचे कोंब, चघळायला. ठरल्या दिवशी जंताचे औषध. आणि एक वही. यजमानांच्या आजारपणात बाईंनी एक वही केली होती: रक्तदाब, पाण्याचे प्रमाण, डायलिसिसच्या तारखा. अर्ध्यावर थांबलेली ती वही त्यांनी ट्रंकेतून काढली, एक पान कोरे सोडले आणि पुढच्या पानावर मनीचे वजन लिहिले. उलटी झाली का, कशी, शौच घट्ट की पातळ, किती खाल्ले. ऑक्टोबरमध्ये वजन साडेतीन किलो भरले. उलट्या महिन्यातून एकदोनदा होत, तेवढ्या चालण्यासारख्या, असे पशुवैद्य म्हणाला.

वास पूर्ण गेला नाही. सडल्याचा गेला, खालचा राहिला. तो राहणारच होता.

मठपाऱ्यातील दूधाधारी मठात बाई अधूनमधून जात. त्या मठाच्या महंतांपैकी बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून मठाला हे नाव पडले असे सांगतात. पूर्वी तिथे गेल्या की बाईंना दुधावर जगण्यातील सात्त्विकता डोळ्यांपुढे येई. आता तिथल्या ओसरीवर बसून त्यांच्या मनात येई ते वेगळेच: महंतांनी ते स्वतः ठरवले होते, आणि इतरांना दुधावर राहायला लावले नव्हते. घरी त्या अजूनही रात्री दूधभातच खात. बशीतला शेवटचा घास मनीसाठी बाजूला काढण्याची हाताची सवय मोडायला मात्र वर्ष लागले.

मनी त्यानंतर दीड वर्ष जगली. थंडीच्या दिवसांत, उन्हे अंगणात येत तेव्हा, बाई खुर्ची बाहेर काढत आणि मनी मांडीवर येई. आता तिला चढवत नसे, उचलून घ्यावे लागे. एके सकाळी तिने मान वर केली, डोळे मिटले आणि बाईंच्या तोंडासमोर लांबलचक जांभई दिली. गुलाबी जीभ, उरलेले दात, आणि तो श्वास: उग्र, अमोनियासारखा, ओळखीचा. बाईंनी तोंड फिरवले नाही. जांभई संपेपर्यंत त्या तशाच वाकून राहिल्या, ऐकत असल्यासारख्या. मग त्यांनी मनीच्या डोक्यावरून हात फिरवला, आत जाऊन वही आणली आणि त्या दिवसाचे वजन लिहिले.